निघता न येणारा कंटेनर

लातूरच्या क्लासमध्ये रविवारची ऑनलाइन टेस्ट चालू असताना मी सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवलं. टेस्टचा प्रोग्राम ज्या बंद खोलीसारख्या कंटेनरात चालतो, तो जुना बंद करायचा, नवा उठवायचा, एवढंच काम. ते झालं, पण अकरा पोरांची उत्तरं गेली.

संचालक सर शांतपणे म्हणाले, "काय करून राहिले तुम्ही? पुढच्या रविवारी एक जरी उत्तर गेलं, तर आपण आपले कागदावर येऊ. मग तुम्ही पेपर वाटा."

तीन दिवसांनी दोष सापडला. 'बंद हो' हा निरोप प्रोग्राम सुरू करून देऊन दारातच बसलेल्या छोट्या स्क्रिप्टकडे जायचा आणि ती आत कळवायचीच नाही. दहा सेकंद वाट बघून कंटेनर जागीच ठार. मी स्क्रिप्टला उठवून प्रोग्रामलाच दारात बसवलं. निरोप आला, की चालू पेपर पुरे होऊ दे, उत्तरं जतन कर, मग नीघ.

राहिली निघायची मुदत. दहा सेकंदांत निघणं आम्हा लातूरकरांना त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जमायचं; भांडं पडलं तरी हातातल्या घासासकट अंगणात. एरवी आमच्याकडचा पाहुणा "येतो मग" म्हणाल्यावर चहा घेतो, आणि फाटकाशी कुणाची तरी सोयरीक काढतो. मी घरचा अनुभव धरून चाळीस मिनिटं दिली.

शनिवारी घरीच चाचणी घेतली. परीक्षार्थी म्हणजे बायको आणि फोनवर नांदेडची मेहुणी. मी कंटेनरला निरोप दिला. अर्धा तास झाला तरी तो हलेना.

मेहुणी म्हणाली, "दाजी, माझा पेपर कधीच झाला. मी आता तिसऱ्यांदा बसलेय."

"आणि त्यानं घेतलं आत?"

"हाव. लई मायाळू हाय."

निघायला सांगितलेल्याला नवी माणसं आत घेऊ नको, हे सांगायचं मी विसरलो होतो. ते सांगितलं.

रविवारी टेस्ट चालू असताना, सर पाठीशी उभे असताना, मी नवा कंटेनर उठवून जुन्याला निरोप दिला. उशिरा आलेली पोरं नव्यात गेली. जुन्यातल्यांनी पेपर पुरे केले आणि एकविसाव्या मिनिटाला तो आपला आपण बंद झाला. सरांनी उत्तरं तपासली. एकही गेलं नव्हतं. "जमलं की," म्हणाले.

घरी आल्यावर हे सगळं मी बायकोला दोनदा सांगितलं. तिनं पोळी उलटली आणि विचारलं, "टेस्ट संपल्यावर बदललं असतं तर चाललं नसतं का?"