अण्णांच्या गाडीचा डॅशबोर्ड

वारसा जपणं हे मुलाचं पवित्र कर्तव्य असतं, असं व्यंकटेशशेठ माझ्या शेडमध्ये उभे राहून म्हणाले. वारसा त्या वेळी टॉवेलच्या पिशवीत होता, तीन तुकड्यांत.

तो त्यांच्या वडिलांच्या चाळीस वर्षं जुन्या गाडीचा डॅशबोर्ड होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेठचा टॉवेलचा कारखाना आहे. मागच्या गल्लीत मी प्लास्टिक दुरुस्तीचं काम करतो. वडील, म्हणजे अण्णा, अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. एकदा आपल्या गाडीत बसायचं, एवढंच ते मागत होते.

मी तुकडे उलटून पाहिले. "याला रॉकेल कुणी लावलं?"

"खंडेनवमीला पुसतो की. आधी माग, मग गाडी."

"त्याच फडक्यानं?"

"मग? पूजा एकच की."

मागाच्या लोखंडाला रॉकेल मानवतं. प्लास्टिक त्यानं ठिसूळ होतं. इतक्या खंडेनवम्यांनंतर हे मोठ्या भक्तिभावानं फुटलं होतं.

"मागून जाळी बसवून जोडून देतो," मी म्हणालो. "तडा दिसेल. दोन तासांचं काम आहे."

"छे. अण्णांना जोडलेली गाडी दाखवू?"

"त्यांना दिसतं का?"

"दिसत नाही. पण हाताला कळतंय की, मिस्त्री."

मग मी रीतसर काम धरलं. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे पळत नाही. तडा खरवडून खाच करायची आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून तीत भरायची. याला वेल्डिंग म्हणतात. नंतर घासणं, प्राइमर, रंग. मूळची राखाडी शेड जुळवण्यात एक अख्खा दिवस गेला. ज्यांच्यासाठी जुळवत होतो त्यांना रंग दिसत नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पाचव्या दिवशी शेठचा फोन आला. "अण्णा विचारतायत, गाडी झाली का म्हणून."

पॅनेल तयार होतं. फक्त डाव्या कोपऱ्यात ओल्या रंगावर सुताचा एक तंतू येऊन बसला होता. आमच्याकडच्या हवेत सूत असतंच.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो. "कोपऱ्यात जरा खोट राहिलीय."

"लागू द्या दोन दिवस. काम शोरूमसारखं पाहिजे."

मी कोपरा घासला, पुन्हा रंग मारला. तो सुकत असताना अण्णा गेले.

तेरावं झाल्यावर पॅनेल बसवायला गेलो. शेठ शेजारच्या सीटवर बसले आणि पॅनेलवरून बराच वेळ बोटं फिरवत राहिले.

"तडा कुठं होता, कळंना झालंय," ते म्हणाले.

मी स्क्रू आवळत होतो.

आपलं गिऱ्हाईक कोण, हे काम धरण्याआधी ठरवावं. आमचं खाटेवर होतं आणि आम्ही दोघं पॅनेलपाशी. डॅशबोर्ड नसला तरी गाडीत बसता येतं. सीटा शाबूत होत्या, दारही उघडत होतं.