कुंपणावरचं हिरवं कापड

आमच्या अलाबामातल्या गावचा वर्लन टॅकेट हा निवृत्त बसचालक. कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सराव तो तीस वर्षं कुंपणाबाहेरून बघत आला. यंदा नव्या प्रशिक्षकाने कुंपणाला कापड लावलं, डावपेच बाहेर फुटू नयेत म्हणून.

"माझ्यापासून लपवतोय, शहाणा!" वर्लन चिडला. "शनिवारी पहिलाच सामना. हरलो तर?"

"अरे, आणि जिंकलो तर?" मी विचारलं.

"मग त्याचंच खरं म्हणावं लागेल. तेही नको, लेका."

काल वाऱ्याने कापडाचा एक कोपरा सुटला. वर्लन आत डोकावायला पुढे झाला आणि थबकला. रस्त्यावर शनिवारच्या प्रतिस्पर्ध्यांचा झेंडा लावलेली गाडी थांबली होती. त्याने घाईघाईने तो कोपरा घट्ट बांधला. आत मात्र त्याने पाहिलं नाही.