चांगलं समदेच सांगत्यात

आई गेल्यावर तिच्या जलदानविधीला गायला दौंडच्या एक बाई न्हावऱ्याला आल्या होत्या. ऐन उमेदीत त्यांनी भीमजयंतीची स्टेजं गाजवली होती, स्वतः रचलेल्या गाण्यांच्या कॅसेटी काढल्या होत्या. आता गेलेल्या माणसावर त्याच्याच घरात बसून गाणं करायचं, एवढंच त्यांनी ठेवलं होतं.

पेटी जवळ ओढून पदराने एकेक पट्टी पुसत त्या मला म्हणाल्या, "सांगा आईचं."

मी सांगू लागलो. कष्टाळू होती, मायाळू होती, दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. बाई पट्ट्या पुसतच राहिल्या.

"चांगलं समदेच सांगत्यात. त्यावर केलेलं गाणं कुणालाबी बसतं. कटकट कशाची करायच्या, ते सांगा."

मला रागच आला. पण बहीण म्हणाली, "आप्पा पारावर बसले की उठायचं नाव न्हाई. मग आई दारातनं वरडायची, येताय का जेवाया, का ठेवू झाकून?"

बाईंनी डोळे मिटून ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवलं.

लोक जमल्यावर त्या गायल्या. आवाज थकलेला, वर जाताना चिरकणारा. दर कडव्याच्या शेवटी आईची तीच हाक यायची. पहिल्यांदा बाया हसल्या. पुढच्या वेळी कुणी हसलं नाही.

आमचे वडील, आप्पा, आई गेल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. ती होती तेव्हा त्या हाकेला त्यांनी कधी ओ दिली नव्हती. पुन्हा हाक आली, तसे ते भिंतीला धरून उठले.

"आलो गं," म्हणाले.

गाण्याचं एक कडवं अजून उरलं होतं. बाईंनी पेटीचा भाता मिटला.