पाळण्याला तेलाचे हात

लाकडाला तेल पुसायला अक्कल लागत नाही, असा माझा लग्नानंतरही बरेच दिवस समज होता.

मी तेव्हा मेहकरला शाळामास्तर होतो. मध्यप्रांत आणि वऱ्हाड एकमेकांना कसे चिकटले आहेत हे पोरांना नकाशावर छडीनं दाखवायचं, एवढाच माझा चिकटण्याशी संबंध. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, आबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझी बायको यमुना बाळंतपणाला माहेरी, धामणगाव बढ्याला गेली होती आणि आषाढात आम्हाला मुलगी झाली. दसऱ्यानंतर सासरे दोघींना घेऊन येणार होते. पण त्यांनी आधीच सुचवून ठेवलं होतं की, दोन गड्यांच्या घरात तान्ह्या पोरीचे हाल होतील, त्यापेक्षा संक्रांतीपर्यंत ती आमच्याकडेच राहिलेली बरी. आमचं घर पाहून ते काय ते ठरवणार होते.

मुलीला मी एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेली असताना. (तिनं मला पाहिलंच नव्हतं, त्यामुळे माझ्याबद्दल तिचं मत अजून चांगलं असावं.) तिला इथंच ठेवून घ्यायचं तर घरात तिच्यासाठी काहीतरी दिसायला हवं, म्हणून मी रहीमचाचा सुतारांकडून सागवानी पाळणा करून घेतला. पाळणा देखणा झाला. याला जवसाच्या तेलाचा एक हात पुसा आणि वाळू द्या, एवढं सांगून चाचा भाचीच्या लग्नासाठी धाड गावी निघून गेले.

मी शाळेत जाण्याआधी जुन्या धोतराच्या बोळ्यानं तेल पुसलं. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. भाद्रपदाची ओली हवा, म्हटलं थांबू. थांबलो, तर जास्तच चिकट! तेल कमी पडलं असावं असं वाटून आणखी एक हात दिला. मग ओघळ आले, ओघळांवर सुरकुत्या आल्या आणि धोतराचे धागे त्यात असे रुतले की नव्या पाळण्याला मिशा फुटल्यासारखं दिसू लागलं. नवल म्हणजे, ज्या दिवशी मी तेलाला शिवतही नसे, त्या दिवशीही पाळणा सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त ओला असायचा.

एकदा डोकं दुखतं म्हणून भरदुपारी घरी आलो, तर आबा पाळण्यापुढे उकिडवे बसलेले. हातात माझ्याच धोतराचा दुसरा तुकडा आणि शेजारी तेलाची बाटली.

"आबा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"तू शाळेत गेला की मी एक हात मारतो," आबा शांतपणे म्हणाले. "माह्या नातीचा पाळणा हाय. तू त निस्तं वरवरच पुसतं."

म्हणजे इतके दिवस आम्ही बापलेक एकमेकांच्या चोरून त्या पाळण्याला तेल पाजत होतो. रागवावं तरी कोणावर? आम्ही दोघं बसून उपाय शोधू लागलो. उपाय आबांनाच सुचला.

"भाकर परातीले चिकटली त तुही माय काय करे?"

"पीठ लावे."

 आईचाच उपाय म्हटल्यावर त्याला नाही कोण म्हणणार? डब्यातलं ज्वारीचं पीठ आणून आम्ही पाळण्यावर भुरभुरलं. सकाळी गल्लीतल्या सगळ्या मुंग्या पाळण्यावर होत्या. त्या आल्या आणि तिथंच राहिल्या. घाईनं ओलं फडकं फिरवलं, तर पिठाची खळ झाली, शाळेत फाटके नकाशे चिकटवायला करतात तशी.

आणि त्याच सकाळी, दसरा उलटताच, दारात बैलांची दमणी उभी राहिली आणि तिच्यातून सासरे, यमुना आणि मुलगी उतरली.

सासरे धान्याचे व्यापारी. बोलणं मोजकं, कपडे पांढरेशुभ्र. आत आले, उपरणं काढलं आणि मी काही बोलण्याआधीच पाळण्याच्या कठड्यावर टाकलं. पाणी पिऊन त्यांनी चूल पाहिली, छप्पर पाहिलं, आमच्या दोघांचे तेलकट हात पाहिले. नंतर मान हलवून म्हणाले की, बैल सोडूच नका, मी लेकींना परत घेऊन जातो. तेवढ्यात मुलगी रडायला लागली. मी घेतलं, तर आणखी रडली. आबांनी घेतलं. त्यांच्या सदऱ्याला जवसाच्या तेलाचा एवढा वास होता की मला लाज वाटली. पण पोरीनं तो सदरा मुठीत धरला, नाक खुपसलं आणि झोपून गेली.

सासरे उठले आणि उपरणं ओढलं. उपरण्याबरोबर पाळणाही आला. मी पाळणा धरला, त्यांनी उपरणं ओढलं, आणि टर्रकन अर्धा काठ पाळण्यालाच राहिला, मुंग्यांसकट! यमुनेनं तोंडाला पदर लावला. ती रडतेय असं मला वाटलं, पण तिचे खांदे भलत्याच रीतीनं हलत होते. सासऱ्यांनी हातातल्या चिंधीकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. नात जागी होईल म्हणून आबा श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

"राहू द्या," सासरे म्हणाले. "उपरणं इथं राह्यलं, आता पोरीबी राहू द्या."

यमुनेनं जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि मुलगी त्या झोळीतच वाढली. झोळीची दोरी आबा दुसऱ्या कोणाच्या हाती लागू देत नसत. धाडहून परतलेल्या चाचांनी पाळण्याभोवती एक फेरी मारली, आमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि याला उन्हात ठेवा, कोणी हात लावू नका, एवढंच सांगितलं. चैत्राच्या उन्हात तो एकदाचा कडकडीत वाळला. चाचांनी काचेच्या तुकड्यानं वरचा थर खरवडला, तशी आतून सागवानाची अशी झळाळी निघाली की आम्ही बघतच राहिलो. फक्त तोवर मुलगी पाळण्यात झोपण्याऐवजी त्याला धरून उभी राहायला लागली होती.

झळाळी टिकावी म्हणून शेवटचा एक हात द्यावा, या विचारानं मी बाटली घेतली. यमुनेनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"आता पुढच्या लेकरापर्यंत याले हात लावू नका."

पुढचं लेकरू येणार आहे, ही बातमी मला अशी कळली.

त्या पाळण्यात मग आमची दोन मुलं झोपली. घरी आलेले पाहुणे त्याच्यावरून हात फिरवून विचारायचे, हा रंग कोणाच्या हातचा?

"उन्हाच्या," यमुना सांगायची.

"आन् माह्या," आबा म्हणायचे.

मी समोरच बसलेलो असायचो.