अण्णांच्या आंघोळीचं पाणी

"आमच्या घरात बिडीला कोणी हात लावत नाही," हे माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, आवडतं वाक्य. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी "घर में कोई बीड़ी-सिगरेट?" विचारलं, तेव्हाही त्यांनी ते छाती फुगवून ऐकवलं. शेजारी खाटेवर आई ऑक्सिजनचा मास्क लावून पडलेल्या. या हिवाळ्यातली ही तिसरी भरती. मला असा संताप आला म्हणून सांगू!

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कुंदा. लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, रांझीला आल्या त्याला बेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी मागच्या पडवीत बसून अण्णांच्या आंघोळीसाठी लाकडांवरचा बंब पेटवतात. अण्णा कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे, तेव्हा ठीक होतं. आता रिटायर होऊन बारा वर्षं झाली, घरात गीझर आला, पण तो आम्हा बाकीच्यांसाठी. "त्या पाण्यानं अंग मोकळं होत नाही," अण्णा म्हणतात. थंडीत पडवीला चारी बाजूंनी ताडपत्री बांधतात. मग धूर जाणार कुठं? आई फुंकतात, खोकतात, पुन्हा फुंकतात.

आणि मी काय केलं? पंधरा वर्षं नुसती बघत राहिले. खोकल्याचं औषध आणलं, आलं-मध दिलं, पण बंबाबद्दल चकार शब्द काढला नाही. मलाही चांगली सून म्हणवून घ्यायचं होतं न.

त्या दिवशी मात्र तोंडातून निघूनच गेलं. "मॅडम, बीड़ी नहीं, पर मम्मीजी रोज लकड़ी जलाती हैं. इनके नहाने के पानी के लिए."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चुलीच्या धुरानंही फुप्फुसं अशीच जातात, म्हणाल्या. यापुढं धूर अजिबात नको, पुढच्या खेपेला आम्ही काही करू शकू असं वाटत नाही. एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

"लतिका, घरातल्या गोष्टी बाहेर काहून सांगते?" अण्णा म्हणाले आणि तरातरा व्हरांड्यात निघून गेले. जाऊ देत, मी म्हटलं. मला कंटाळा आला होता सगळ्याचा.

आईंनी मास्क खाली ओढला. "डॉक्टर म्हणून राहिली तर... मी नाही पेटवत आता."

मला इतकं हायसं वाटलं! मी त्यांचा हात धरला. दोन-तीन श्वास घेऊन त्या पुन्हा बोलल्या, "उद्यापासून तू पेटवशील न? सोपं आहे. फुंकताना तोंड तेवढं बाजूला ठेवायचं."

"नाही, आई," मी म्हटलं. "मी नाही पेटवणार."

पंधरा वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. मास्क परत नाकावर चढवला, व्हरांड्याच्या दाराकडे बघितलं आणि आतूनच विचारलं, "मग यांची आंघोळ?"