धुरे घातलेली टेबलं

जिथे धान, माणसं आणि कॉम्प्युटर एकाच छपराखाली नांदतात, तिथे किस्से शोधावे लागत नाहीत, पायात येतात. मूल गावच्या आमच्या धान बियाणे गटाचा डेटाबेस मी बांधला. टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, सगळी माझ्या मशीनवर, गोदामात आणि तपासणीच्या खोलीत फक्त फॉर्म. शेतकऱ्याच्या नोंदीशिवाय वावर चढत नाही, वावराच्या नोंदीशिवाय पोतं चढत नाही, अशी जोडणी. मला तिचा गर्व आहे, लपवू कशाला!

*

गोदामातल्या शालूला फॉर्म हळू चालतो म्हणून राग. तिने मूळ फाइलच पेनड्राइव्हवर घेतली आणि आठवडाभर आपल्या कॉपीत पोती चढवली. इकडे माझ्या टेबलांत गोदाम रिकामं. अध्यक्ष नामदेवभाऊ चोरी झाली म्हणून धावत आले. शालू शांत. "चोरी नाई भाऊ, एकाची दोन गोदामं झाली." ती पुन्हा एक करताना माझा घाम निघाला.

*

एका गावात आमचे चार सभासद, चौघेही मारोती, आडनावही एकच. घोळ नको म्हणून मी नंबर दिले. आता गावही नंबरनेच हाक मारतं. परवा एकाच्या पोरीची लग्नपत्रिका आली, वडिलांच्या नावापुढे छापलं होतं, एकशेचार!

*

मग नामदेवभाऊंचंच पोतं अडलं. त्यांच्या वावराची तपासणी नोंदलेली नव्हती, फॉर्म पोतं घेईना. भाऊ म्हणाले, "मी अध्यक्ष हाओ ना!"

शालू म्हणाली, "अध्यक्षाचा रकाना नाई जी, वावराचा हाय."

भाऊ पोतं घेऊन परत गेले. आमसभेत हा किस्सा त्यांनीच छाती फुगवून सांगितला.

*

नागपूरहून एक इंजिनिअर आला. टेबलांची जोडणी काढून टाका, काम झपाट्याने होईल, म्हणाला. मी भांडायच्या तयारीत होतो, पण भाऊच बोलले. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. "धुरे काढले तं नांगर भरभर चालन जी, पन पानी कुठी थांबन?" इंजिनिअर चहा पिऊन गेला.

*

आमचे जुने सभासद दादाजी वारले. महिनाभराने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आल्या. सभेचे मेसेज अजून दादाजींच्या मोबाइलवर जात होते. "नाव काढून टाका जी. मेसेज आला का जीव दचकते."

मी नाव काढायला गेलो. मशीनने नकार दिला. काय म्हणते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दादाजींचं बियाणं ज्यांनी पेरलं, त्यांच्या नोंदी या नावाला जोडलेल्या आहेत, म्हणून नाव निघत नाही.

"कोनाकोनाच्या वावरात हाय?"

मी वाचत गेलो. सिंदेवाहीकडची नावं, ब्रह्मपुरीकडची नावं. बाई पदर सावरून ऐकत होत्या. वाचून संपल्यावर मी म्हणालो, नाव राहील, पण मेसेज मी आत्ता बंद करतो, एक क्लिकचं काम आहे.

"राहू द्या जी," त्या म्हणाल्या. "मेसेजबी येऊ द्या."