कॅमेरा कमरेला की गळ्यात

ज्या पट्ट्याचं बक्कल एका हाताने उघडतं, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. दुकानदार नेमकं तेच कौतुकाने दाखवतो. अंगठ्याने दाबलं की टक् करून सुटतं. मला वाटतं, जे माझ्या अंगठ्याने सुटतं ते दगडाला घासूनही सुटेल. म्हणून कॅमेऱ्यासाठी नवा पट्टा आणला की आधी मी तो दोन्ही हातांनी ताणून बघतो, मग त्याला पाण्याने भरलेली बाटली अडकवून घरभर फिरतो, आणि मगच कॅमेरा लावतो. बायको हसते. म्हणते, "मला बघायला आला होतात तेव्हा बरा संशय आला नाही तुम्हाला."

मी रत्नागिरीत एका शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आमचं गाव मालगुंडच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, उतारावर. तिथून कॉलेजला जाणं त्या वेळी आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आमच्या शेजारी, वरच्या घरात राहणाऱ्या काकींचं माहेर देवरूखचं. त्यांनी स्वतःहून बाबांना सांगितलं, "पोराला माझ्या भावाकडे ठेवा. जेवणाचं बघू नका." त्या घरात राहून, त्यांच्या ताटात जेवून मी बी.ए. झालो. नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा देवाला, दुसरा आई-बाबांना आणि तिसरा वरच्या घरात, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

कॅमेरा आला तो शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून. त्याने नवा घेतला, जुना मला दिला. पाठ्यपुस्तकात जांभा खडकाचं चित्र आहे, पण ते बघून माझ्याच वर्गातल्या सड्यावर राहणाऱ्या मुलांना तो आपलाच कातळ आहे हे ओळखता आलं नाही. तेव्हा ठरवलं, आपणच फोटो काढायचे आणि वर्गात दाखवायचे. पावसाळ्याच्या शेवटी कातळावर जी उथळ डबकी साचतात, त्यांच्या कडेने सीतेची आसवं फुलतात, त्यांचे. गुरांच्या वाटांचे. माती कुठे धरते आणि कुठे वाहून जाते, त्याचे. रविवारी गावी जायचं आणि सड्यावर फिरायचं, असा क्रम लागला.

कॅमेऱ्याबरोबर त्याचा मूळ पट्टा होता. अरुंद, कडक आणि त्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. आमच्या हवेत अर्ध्या तासात मान भिजते. पट्टा मानेला चिकटायचा, कॉलरवर काळा रंग उतरायचा. त्याहून वाईट म्हणजे फुलांसाठी गुडघ्यावर बसून वाकलं की कॅमेरा लोंबकळत पुढे यायचा. एकदा तो डबक्यात बुडता बुडता वाचला.

मग तिरका पट्टा घेतला. एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत येणारा, खांद्याखाली जाड स्पंज असलेला. मानेला आराम पडला. पण पट्टा जरा ताणणारा होता, त्यामुळे चालताना कॅमेरा वर-खाली नाचायचा. गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, चढताना तो जाऊन दगडावर आपटायचा. एक कातडी पट्टाही बघितला, पण कातडं आमच्याकडे पावसाळ्यात हिरवी बुरशी धरतं हे मला चपलांवरून माहीत होतं. आणि खाऱ्या हवेत पट्ट्यांच्या कड्या गंजतात. गंजलेली कडी वरून चांगली दिसते, म्हणून तिच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

शेवटी होल्स्टर मिळालं. पट्ट्याला कमरेशी अडकवायचं, जाड कापडाचं, वरून झाकण असलेलं काळं पाकीट. दुकानदार म्हणाला, "पिस्तुलासारखं, सर. उघडा, काढा, मारा." मारा म्हणजे फोटो. पँटचा पट्टा जाड आणि कडक असला तर वजन कमरेवर पसरतं, मान मोकळी, खांदे मोकळे, दोन्ही हात मोकळे. मी घरी बाटली घालून तपासलं, वाकून बघितलं, उड्या मारून बघितल्या. रविवारी सड्यावर गेलो आणि दोन्ही हातांनी गडगा धरून पलीकडे उतरलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की मनातल्या मनात दुकानदाराचे आभार मानले. हेच आपलं, असं ठरलं.

ते वापरायला लागून थोडेच आठवडे झाले असतील. गावात एस.टी. थांब्याजवळ चहाची टपरी आहे. मी गेलो तेव्हा आत बोलणं चाललं होतं. मी बाकावर बसलो आणि ते थांबलं. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, रजा काय?" मी म्हटलं, रविवार आहे. "हां, रविवार," तो म्हणाला, आणि सगळे रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावर काहीच नव्हतं. मी चहा प्यायलो आणि मला वाटलं, चहासुद्धा आज मुद्दाम पातळ केला आहे.

तिथून सड्याकडे निघालो. आमच्या वाडीतून सड्यावर जायची वाट वरच्या घरच्या काकांच्या आंब्याच्या कलमांतून जाते. त्यांच्या गडग्यात एक बेडं आहे, दोन बांबू आडवे सरकवून केलेलं. लहानपणापासून मी ते बांबू सरकवून गेलो आहे. त्या दिवशी बांबूंना तार गुंडाळलेली होती. नवी, चकचकीत, पक्कडीने पिळलेली. मी तिथे उभा राहून ती तार बघत होतो. वर घराच्या पडवीत काकी उभ्या होत्या. मी हात केला. त्या आत गेल्या.

मी लांबच्या वाटेने वळसा घालून सड्यावर गेलो, पण फोटोत मन लागलं नाही. सारखं वाटत होतं, कोणी काय सांगितलं असेल. टपरीवाला? त्याचं आणि बाबांचं पूर्वी एकदा वाजलं होतं. की काकीच? देवरूखच्या घरात माझ्या हातून काही राहून गेलं का? त्यांच्या भावाच्या घरी गेल्या दिवाळीला मी गेलो नव्हतो. एकेक गोष्ट आठवून मी तपासत होतो, पट्ट्याची शिवण बघावी तशी.

संध्याकाळी बाबा बागेतून आले. कमरेमागच्या आकडीतून कोयता काढून त्यांनी खांबाशी ठेवला, पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोक विचारतात."

"काय विचारतात?"

"तू कोणासाठी मापं घेतोस."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग उलगडलं. गेल्या दोन वर्षांत बाहेरची माणसं सड्यावर येऊन गेली होती. कमरेला काळं पाकीट, त्यातून यंत्र काढायचं, गडग्यावर धरायचं, परत पाकिटात. दगडांवर लाल ठिपके मारून गेली. त्यानंतर शेजारच्या वाडीतली जमीन विकली गेली आणि कोणी कोणाला विकली हे अजून नीट कोणाला कळलेलं नाही. आता तेच पाकीट माझ्या कमरेला. मीही तेच करत होतो. काढायचं, धरायचं, परत ठेवायचं.

"तुम्ही सांगितलं नाहीत, मी शाळेसाठी फोटो काढतो म्हणून?"

"सांगितलं. भूगोल शिकवतो म्हटलं. तर म्हणाले, भूगोल म्हणजे जमीनच ना?"

मग मी विचारायला नको ते विचारलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय," बाबा म्हणाले. "पण ते कमरेला कशाला?"

"तुम्ही पण कमरेलाच लावता."

"तो कोयता हाय. लांबून दिसतो कोयता हाय म्हणून. तुझं झाकण उघडेपर्यंत आत काय हाय ते कोणाला कळतं?"

त्या रात्री मी शहरात परतलो नाही. ज्या घराने मला शिकवलं त्या घराने माझ्यासाठी तार गुंडाळावी, हे घेऊन शाळेत जाऊन उभं राहणं मला जमलं नसतं. सकाळी उठून सरळ वरच्या घरी गेलो. काका पडवीत सुपारी कातरत बसले होते. काकी दाराआड असाव्यात, कारण बांगड्या वाजल्या.

"काका, तुम्हाला माझा संशय आला का?"

"संशय कशाला येईल," ते म्हणाले. "तू मोठा माणूस झालास. तुझी कामं असणार."

मी कॅमेरा काढला आणि मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवायला लागलो. फुलं, डबकी, टिटवीची अंडी. काका मान हलवत होते. मला वाटलं, झालं, पटलं. तेवढ्यात एक फोटो आला. सकाळच्या उन्हात गडगा, त्यावर शेवाळ, छान आला होता तो.

"थांब. हे काय?"

"गडगा, काका."

"तो मला दिसतो. माझा गडगा हाय तो. माझा गडगा कशाला घेतलास?"

"शेवाळ चांगलं दिसत होतं."

"शेवाळ," काका दाराकडे बघून म्हणाले, म्हणजे आत ऐकू जावं. "ऐकलंस काय? मास्तर शेवाळासाठी येतो आपल्याकडे."

मग त्यांनी मला फोटो मोठा करायला लावला. मोठा केला. इकडे सरक म्हणाले, सरकवला. बराच वेळ ते बघत राहिले. पडद्याला नाक लागेल इतके जवळ आले होते. मग म्हणाले, "पूस."

"पुसतो."

"माझ्यासमोर पूस."

मी त्यांच्यासमोर पुसला. त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा धरून ठेवला आणि पुढचा फोटो कातळाचा येतो याची खात्री करून घेतली. निघताना चहा झाला नाही. त्या घरातून चहाशिवाय निघालो असं पहिल्यांदाच घडत होतं. बेड्यावरची तार तशीच होती.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा नेलाच नाही. नेला नाही तर म्हणतील लपवला, हेही डोक्यात होतं. दुपारी आमच्या पडवीत बसलो होतो तर काका आले. बाबांशी पाऊस, भात, तुडतुडे असं बोलत बसले. उठताना मला म्हणाले, "जरा चल वरपर्यंत."

वाटेत ते थांबले. मागे बघितलं, पुढे बघितलं.

"तो फोटो हाय काय?"

"कुठला?"

"गडग्याचा."

"तुम्हीच पुसायला लावलात ना, काका."

"ते पुसलास. पण दुसरीकडे ठेवला असशील. कॉम्प्युटरमध्ये."

"नाही ठेवला."

"खरं सांग. मी काय बोलणार नाय."

"खरंच नाही, काका."

ते नाराज झाले. "एवढा शिकलास," ते म्हणाले, "आणि एक कॉपी ठेवायची अक्कल नाय तुला?"

मग त्यांच्या बोलण्यातून कळलं. त्या फोटोत त्यांना गडग्याचा वरचा कोपरा दिसला होता. तिथले दोन दगड त्यांच्या चुलतभावाने आत सरकवले आहेत असा त्यांना तो फोटो बघितल्यापासून संशय होता. प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर कधी सरकल्यासारखे वाटायचे, कधी नाही. फोटोत म्हणे स्पष्ट दिसत होतं. ज्या गोष्टीसाठी माझ्यावर डोळा ठेवला होता, तीच आता हवी होती. मी लबाड निघालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं.

"परत काढतो," मी म्हटलं.

"काढ. पण ते कमरेचं पाकीट नको. गळ्यात घाल, लग्नातला फोटोवाला घालतो तसा. लोकांना लांबून दिसलं पाहिजे, कॅमेरा हाय म्हणून."

"मान दुखते काका त्याने."

"दुखू दे."

पुढच्या रविवारी मी जुना अरुंद पट्टा लावला आणि कॅमेरा पोटावर लोंबत ठेवून वाडीतून चाललो. टपरीवर एकाने विचारलं, "कोणाचं लगीन?" बाकीचे हसले, आणि त्या हसण्याने मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. बेड्याशी काका पक्कड घेऊन उभे होते. तार सोडली, बांबू सरकवले, मला आत घेतलं. कोपऱ्याचे फोटो काढले. दर फोटोनंतर ते पडद्यात बघत होते. "हा ठेव. हा पण ठेव. त्याला दाखवू नको." शेवटी म्हणाले, "आणि त्याने बोलावलं तर त्याचे काढणार नायस ना?"

"मी फुलांचेच काढतो, काका."

"हां. शेवाळाचे," ते म्हणाले आणि बेड्याची तार पिळायला गेले. पण पक्कड न वापरता हाताने पिळली, एकच पीळ देऊन. "परत येताना हाक मार."

परत आलो तेव्हा काकींनी पडवीतूनच हाक दिली. चहा ठेवला होता. मानेवरचा लाल वळ त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "काढ तो पट्टा, इकडे दे." जुन्या सुती लुगड्याची दुपदरी पट्टी घेऊन त्या ती पट्ट्याच्या आतल्या बाजूला शिवायला बसल्या. घाम टिपेल, रंग उतरणार नाही, कडा बोचणार नाहीत. कुठल्याही दुकानात मला इतकी साधी तोड मिळाली नव्हती. शिवता शिवता त्यांनी हळूच विचारलं, "ह्यांनी काय काय काढून घेतलं तुझ्याकडून?"

"गडगा."

"नुसता गडगाच? फणसाच्या बाजूची हद्द पण? मला न सांगता?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, काकी."

त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला. मऊ होता, रुंद झाला होता. "सुटणार नाय," त्या म्हणाल्या.

माझे हात सवयीने वर गेले आणि मी शिवण दोन्ही बाजूंनी ताणून बघितली.

"मेल्या," काकी म्हणाल्या, "माझ्यावर पण विश्वास नाय?"

मी ओशाळलो. मग त्यांच्यासमोरच आणखी एकदा ताणून बघितली. शिवण पक्की होती. काकी हसत चहा आणायला आत गेल्या.